मींड तुटू नये म्हणून

भीमपलासीतला कोमल गंधार मध्यमाचा हात धरून येतो. मध्यमावरून गंधारावर उतरताना आवाज कुठेही सुटता कामा नये. दोन सुरांमधली ती वाट गळ्याने चालूनच जायची असते. ही मींड बसवायला एकेका मुलीसोबत मला पंधरा-पंधरा दिवस लागतात. गेल्या आषाढात, दुपारी चारच्या तासाला, गोंदियाच्या माझ्या विद्यार्थिनीला ती सापडली होती असं मला वाटतं. वाटतं म्हणते, कारण मला मध्यम ऐकू आला, मग काहीच नाही, आणि मग एकदम षड्ज. मधली सगळी मींड कुठेतरी वायरमध्येच राहिली.

मी म्हटलं, "पुन्हा घे." तिने घेतली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिचा चेहराच स्क्रीनवर थिजला आणि हॉलमधल्या राउटरवर लाल दिवा लुकलुकायला लागला.

तो दिवा पुढे आठ दिवस लाल राहिला.

मी पंचवटीत, हिरावाडीत राहते आणि गाणं शिकवते. २०२०च्या मार्चपर्यंत माझे सगळे विद्यार्थी दाराबाहेर चपला काढून समोर सतरंजीवर बसायचे. टाळेबंदीत नाइलाजाने मोबाइल पुस्तकांच्या चवडीला टेकवून शिकवणं सुरू केलं आणि टाळेबंदी उठली तरी ते थांबलं नाही. आज बावीसपैकी चौदा जण पडद्यावरून शिकतात. नंदुरबारच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, मस्कतला राहणारी निफाडची एक माहेरवाशीण आहे, आणि ही गोंदियाची बारावीतली मुलगी. तिच्या घराजवळ शास्त्रीय गाणं शिकवणारं कुणी नाही. माझ्या गुरुजींना हे शिकवणं पटलं नसतं, हे मला ठाऊक आहे. गाणं समोर बसून, गुरूच्या श्वासासकट घ्यायचं असतं असं ते म्हणत, आणि ते खरंच आहे. पण याच पंचवटीत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात येऊन राहिले होते. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणाऱ्या घरात न जन्मलेल्या मुलांना वर्गात बसून गाणं शिकायची वाट मोकळी झाली. गोंदियाच्या मुलीशी बोलताना मला ते आठवतात. तिच्यासाठी माझ्या घरचं इंटरनेट हाच वर्गाचा उंबरठा आहे.

तर आठ दिवस तो उंबरठा बंद होता. कारण डोळ्यांसमोर होतं: आमच्या गल्लीत जेसीबी लागला होता. २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीत नाशकात जिकडेतिकडे रस्ते उकललेले आहेत, त्यात आमचाही. रस्ता खणण्याबद्दल माझी तक्रार नाही. पाहुणे येतील आणि जातील, रस्ता मात्र वर्षानुवर्षं आम्हीच वापरणार आहोत. तक्रार होती ती त्यानंतरच्या शांततेबद्दल. कंपनीला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.' राउटरवर लाल दिवा तसाच होता. घरी कुणी आलं नव्हतं, गल्लीतही कुणी दिसलं नव्हतं. पुन्हा फोन, नवा क्रमांक, पुन्हा तोच मेसेज. मग शेजारच्या मुलाने सांगितलं की ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीला कॉल सेंटरच्या वर एक अपील प्राधिकारी ठेवावा लागतो आणि तक्रार क्रमांक देऊन तिथे दाद मागता येते, त्याला पैसे पडत नाहीत. मी दोन्ही क्रमांक लिहून अपील केलं. नवव्या दिवशी सकाळी दोन माणसं आली आणि वीस मिनिटांत वायर जोडून गेली.

वीस मिनिटांचं काम होतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

त्या आठ दिवसांत मी मोबाइलच्या डेटावर कसेबसे तास घेतले. नंदुरबारच्या बाई म्हणाल्या, "ताई, राहू द्या, पुढच्या आठवड्यात बघू." त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. त्यांचा एकेक आठवडा मला मोलाचा वाटतो. त्याच रात्री ठरवलं, कनेक्शन बदलायचं.

ठरवणं सोपं होतं. मोबाइलचा नंबर तसाच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११पासून देशभर आहे, घरच्या ब्रॉडबँडला तसं काही नाही. नवी वायर येणार, नवा राउटर येणार, जुनं वेगळं बंद करावं लागणार. आणि निवडायचं कशावरून? जाहिराती सगळ्या एकाच भाषेत बोलतात: शंभर एमबीपीएस, तीनशे एमबीपीएस, अनलिमिटेड.

यावरून मला आमच्या गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती आठवला. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडतात तेव्हा किती क्युसेक सोडलं याचे आकडे बातम्यांत येतात. पण पंचवटीतली माणसं एकमेकांना विचारतात ते हेच: "मारुतीच्या कुठवर आलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला. घाटावरच्या दुकानदाराने माल कधी उचलायचा हे त्यावर ठरतं. आकडा खोटा नसतो, पण आपलं काय बुडणार आहे हे तो सांगत नाही. ब्रॉडबँडसाठी मला असा एक मारुती हवा होता, आणि तो घरातच सापडला. माझी मींड. मध्यमावरून गंधारावर, न तुटता, इथून गोंदियाला आणि गोंदियाहून इथे. हे जमत असेल तर कनेक्शन चांगलं.

मग त्या मोजमापाने एकेक आकडा तपासत गेले. शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याने न कंटाळता समजावलं. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. म्हणजे शंभर आणि तीनशे यांतला फरक माझ्या तासाला कधी कळणारच नाही. तो कळेल चार जण एकाच वेळी सिनेमे पाहत असलेल्या घराला. आमच्या घरात मी आणि आई. आई तिच्या खोलीत कीर्तनं लावते, तेवढंच. अनलिमिटेडच्या खाली बारीक अक्षरांत बऱ्याचदा महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. माझे रोजचे पाच तास, ताशी दीड जीबी धरले तरी महिन्याचे सव्वादोनशे जीबी होतात. तिचीही काळजी नाही. ४९९च्या प्लॅनवर १८ टक्के जीएसटी चढून ५८९ होतात, हे मात्र आधी विचारून घेतलेलं बरं. फोनवर बोलणारा हा आकडा आपणहून सांगत नाही.

खरा प्रश्न होता अपलोडचा. मोठ्या अक्षरांतला वेग बहुतेक वेळा आपल्याकडे येणाऱ्या डेटाचा असतो. सिनेमा पाहणाऱ्याला तेवढंच लागतं. शिकवणाऱ्याचं गाणं उलट्या दिशेने जातं. पूर्वी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर जे ब्रॉडबँड यायचं, त्यात यायची वाट रुंद आणि जायची अगदी अरुंद असायची. ऑप्टिकल फायबरमध्ये दोन्हीकडे सारखा वेग देता येतो, आणि बरेच जण देतातही, पण विचारावं लागतं. मी फोनवर प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच केला, "अपलोड किती?" दोघांनी लगेच सांगितलं, एकाने डाउनलोडचाच आकडा पुन्हा सांगितला.

दुसरी गोष्ट गाणाऱ्याला लगेच कळेल अशी आहे. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज पोचायला २०० मिलिसेकंद लागले तरी जवळजवळ अर्धी मात्रा मागे पडते. म्हणून पडद्यावरून दोघांनी एकत्र गाता येत नाही. मी गाते, ती थांबते, मग ती गाते. या पद्धतीत ठरावीक उशीर चालतो, मात्र तो प्रत्येक वेळी वेगळा झाला तर सगळं बिघडतं. डेटा पुड्या-पुड्यांनी जातो. एक पुडी दहा मिलिसेकंदांत पोचली आणि पुढची दोनशेत, तर मधला आवाज फाटतो किंवा ताणला जातो. याला जिटर म्हणतात. तबलजीने विलंबित धरला तर आपण विलंबितात गाऊ, पण दर आवर्तनात त्याचा हात वेगळा पडला तर समेवर यायचं कसं? माझी मींड खात होता तो हाच जिटर. वेग माझ्या जुन्या कनेक्शनलाही साठ एमबीपीएस होता.

हे कळल्यावर मी एक केलं, आणि ते सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं. गल्लीत कुणाकडे कुणाचं कनेक्शन आहे ते विचारलं आणि लॅपटॉप व एक लॅन केबल घेऊन त्यांच्या घरी जाऊन बसले. केबल एवढ्यासाठी, की भिंतींमुळे आणि शेजारपाजारच्या राउटरांमुळे वायफायच डगमगतं आणि दोष कंपनीला लागतो. दुपारी चारला एकदा, रात्री आठला एकदा. तिन्ही घरांत चहा झाला, एका घरी गरम भजीही. दहा मिनिटं पिंग लावून ठेवायचं, म्हणजे एकेक पुडी जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजायचं, आणि आकडे पाहत राहायचे. तळमजल्यावरच्या काकूंकडे एका मोठ्या कंपनीचं फायबर आहे. तिथे सहा, सात, सहा, सात असा ठेका पडत होता. समोरच्या बंगल्यात गच्चीवर ५जीचा डबा बसवलेला. त्याला खणण्याची भीती नाही, वायरच नाही. पण आकडे तीस, पस्तीस, एकतीस, मधेच एकशे नव्वद. रात्री आठला तर फारच. आणि कोपऱ्यावरच्या शिंपीदादांकडे स्थानिक केबलवाल्याचं फायबर होतं: नऊ, दहा, नऊ, नऊ.

मोठी कंपनी आणि केबलवाला, दोघे माझ्या परीक्षेत पास झाले. आणि खरं सांगायचं तर माझं मन मोठ्या कंपनीकडे झुकलेलं होतं. कारण केबलवाल्याचं इंटरनेट आमच्याकडे पूर्वी, २०१२च्या सुमारास, एकदा होतं. तेव्हा या गच्चीवरून त्या गच्चीवर निळी लॅन वायर आणि मधे कुणाच्या तरी जिन्यात विजेवर चालणारा स्विच. त्या इमारतीची वीज गेली की आमचं इंटरनेट जायचं, आमच्या घरी वीज असली तरी. एका मे महिन्यात वळवाचा पाऊस कडाडून आला आणि वीज त्या तांब्याच्या वायरीतून शिरून आमच्या कॉम्प्युटरचं लॅन पोर्ट जळालं. ती आठवण मनातून जात नव्हती.

निर्णय झाला तो महा ई-सेवा केंद्रात. आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी गेले होते. तिथल्या दादांचं सगळं पोट इंटरनेटवर: दाखले, सातबारा, परीक्षांचे फॉर्म. शेवटच्या तारखेला लाइन गेली तर दारात पन्नास माणसं उभी. म्हटलं, यांना विचारावं. ते दाखल्याचा कागद प्रिंटरमधून काढता काढता म्हणाले, "ताई, स्पीड नका विचारू. वायर कुठून येते ते विचारा, आणि तुटली तर जोडायला कोण येतं ते विचारा."

वायर कुठून येते! इतके दिवस मी आकडे पाहत होते आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी घरी येऊन काकूंना विचारलं. मोठ्या कंपनीची वायर आमच्या जुन्या वायरीच्याच चरातून, त्याच खणलेल्या रस्त्याखालून येत होती. आषाढात त्यांचंही पाच दिवस बंद होतं, फक्त त्यांना त्याचं फारसं वाटलं नव्हतं. केबलवाल्याची वायर मागच्या गल्लीतून, खांबाखांबावरून येते. तिला वाऱ्याची आणि झाडाच्या फांदीची भीती, जेसीबीची नाही. आणि तुटलेली वायर खांबावर डोळ्यांना दिसते, जमिनीखालची शोधावी लागते. शिंपीदादांना विचारलं, "बंद पडलं तर?" ते म्हणाले, "पोरगा मागच्याच गल्लीत राहतो. दिवाळीत फटाक्याने वायर जळाली होती, फराळ करून आला नि जोडून गेला."

हे उत्तर आमच्या गल्लीचं आहे, हेही सांगायला हवं. माझी मावसबहीण पाथर्डी फाट्याला नव्या इमारतीत राहते. बिल्डरने सुरुवातीलाच पाइपातून फायबर आणून ठेवलंय आणि तिथे मोठ्या कंपनीची माणसं दोन तासांत येतात. तिला मी तेच घ्यायला सांगितलं. एकाच शहरात उत्तर बदलतं.

सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर जोडणी फुकट, असं केबलवाल्याच्या ऑफिसात सांगितलं. मी जोडणीचे पैसे दिले आणि महिन्याच्या बोलीवर घेतलं. जुनं कनेक्शन पंधरा दिवस तसंच चालू ठेवलं. आधीच बंद केलं असतं आणि नवं बिघडलं असतं, तर चौदा जणांना मी काय सांगितलं असतं?

जोडायला तो पोरगा आला. असेल तेवीस-चोवीस वर्षांचा, पाठीला सॅक, केसांत रस्त्याची धूळ. त्याने जिन्यातल्या चपलांच्या कपाटावर एक छोटं मशीन ठेवलं. मी फायबर इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. काळ्या वायरीचं आवरण सोललं, आतून निघाला एक रंगीत धागा. त्याचाही रंग चिमट्याने उतरवला, तेव्हा जे उरलं ते दिसेनासंच झालं. काचेची तार, केसाएवढी. १२५ मायक्रॉन जाडी, आणि प्रकाश जातो तो तिच्या मधल्या ९ मायक्रॉनमधून. त्याने ती स्पिरिटच्या टिशूने पुसली. पुसताना टिशूतून बारीक 'चुईं' असा आवाज आला. "असा आवाज आला की स्वच्छ झाली," तो म्हणाला. मला ते फार आवडलं, कानाने स्वच्छता ओळखणं. मग कापून दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती खांबांएवढी मोठी दिसत होती, मधे फट. मशीनने त्यांना हलकेच एका रेषेत आणलं, एक ठिणगी पडली आणि फट नाहीशी झाली. सांधा कुठे होता ते दाखवता येईना.

"लॉस शून्य पॉइंट शून्य दोन," तो म्हणाला. म्हणजे सांध्यात प्रकाश जवळजवळ वाया जात नव्हता. मग मीटर लावला: मायनस एकोणीस. मी विचारलं म्हणून सांगितलं, की हा वायरीतून पोचणारा प्रकाश, आणि मायनस सत्तावीसच्या खाली गेला की राउटर धरत नाही. दहाचा फरक म्हणजे प्रकाश दहापट कमी. खांबावरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, तो नुसताच प्रकाश वाटून देतो. वीज लागते ती दोन टोकांना, त्यांच्या ऑफिसात आणि माझ्या घरात. काचेतून आकाशातली वीजही वाहत नाही. २०१२ची भीती माझ्या मनातून गेली ती तिथे, त्या जिन्यात. घरच्या टोकासाठी मी नंतर बारा व्होल्टचा लहान यूपीएस आणून ठेवला.

कापलेले काचेचे तुकडे त्याने चिकटपट्टीवर एकेक टिपून एका बाटलीत टाकले. "पायात गेला तर दिसत नाही, काकू. आजी अनवाणी फिरत असतील ना घरात?" आई दारातच उभी होती. तिने त्याला आत बोलावून लाडू दिला.

जुनं बंद करताना ईमेल लिहिलं, राउटर परत केल्याची पावती घेतली. डिपॉझिट दीड महिन्याने मिळालं. त्याबद्दल अजून काही लिहावंसं वाटत नाही.

नव्या कनेक्शनवर पहिल्याच आठवड्यात नंदुरबारच्या बाई म्हणाल्या, "आज तुमचा तंबोरा मधेमधे जातोय." पिंग पाहिलं, तर नऊ, नऊ, दहा. दोन दिवस शोधल्यावर कळलं, की कॉलचं सॉफ्टवेअरच तो खातंय. सलग, एकसारखा येणारा आवाज त्याला पंख्याची घरघर वाटतो आणि ते तो पुसून टाकतं. 'मूळ आवाज' असं एक सेटिंग असतं, ते चालू केलं आणि षड्ज-पंचम पुन्हा भरून आले. गेली कित्येक वर्षं मी यासाठीही जुन्या कंपनीलाच दोष देत होते. तेवढा दोष मी मागे घेते.

भाद्रपदात गोंदियाच्या मुलीचा चारचा तास पुन्हा नीट बसला. गेल्या मंगळवारी ती गात होती, नि सा म, आणि मध्यमावर येऊन आवाज तुटला. मी आधी राउटरकडे पाहिलं. दिवा हिरवा, स्थिर. तुटत होतं ते तिच्या बाजूला. तिच्याकडे घरात कनेक्शन नाही, वडिलांच्या मोबाइलचा डेटा असतो, आणि बाहेर मुसळधार पाऊस. मागच्या पत्र्यावरचा पाऊस मला इथपर्यंत ऐकू येत होता.

"व्हिडिओ बंद कर," मी म्हटलं. "मला तुझा चेहरा नको, नुसता आवाज दे. फोन खिडकीजवळ ठेव." थोडी खुडबूड झाली. पडदा काळा झाला. तंबोरा मी इकडे चालूच ठेवला होता.

"ताई, येतोय?"

"येतोय. मध्यमापासून घे."

तिने मध्यम लावला आणि सावकाश उतरायला लागली.